एकांतवासी ऑनलाइन आहेत

वाद पेटला तेव्हा कवळीकाराच्या हातात एका बाईचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा, अर्थातच. दाताच्या डॉक्टरांकडून सकाळी ठसा आला होता, त्यावरून साचा निघाला होता, आणि आता मेणात एकेक दात बसवायचा होता. काम शांत डोक्याचं. दात केसभर वाकडा बसला तर जेवताना गाल चावला जातो, आणि शिव्या डॉक्टरांना नाही, कवळीकाराला बसतात. पण डोकं शांत राहणार कसं? फोन बाजूला पालथा पडला होता आणि दर मिनिटाला टेबलावर थरथरत होता.

फोनवर नातेवाइकांचा ग्रुप होता, ‘आपली माणसं’. माणसं चौऱ्याऐंशी. त्यातली ब्याऐंशी सकाळी फुलं पाठवत आणि वाढदिवसाला केकची चित्रं. उरलेले दोघे धर्मावर भांडत. एक आपला कवळीकार आणि दुसरा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. हा मेव्हणा वजन-मापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. दुकानादुकानांत जाऊन काटा खरा की खोटा ते बघायचं आणि खरा निघाला तर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. सवय अशी लागली होती की शिक्का मारल्याशिवाय तो घरातलंही काही खरं धरत नसे.

कवळीकाराने सकाळी लिहिलं होतं, ‘आत्मा अमर आहे. ज्याला हे मान्य नाही त्याने स्वतःला हिंदू म्हणवू नये.’

मेव्हण्याचं उत्तर आलं, ‘भावोजी, आत्म्याचं वजन किती?’

‘धर्म संकटात आहे आणि तुला चेष्टा सुचतेय?’

‘मीही त्याच धर्मातला आहे. आपल्यात प्रश्न विचारायला बंदी कधीपासून आली? आणि धर्माचं राहू द्या, तुमच्या गल्लीतला खड्डा दोन वर्षांत बुजला नाही, त्यावर लिहा की एखादा मेसेज.’

‘खड्ड्याचा इथे काय संबंध?’

‘आत्मा पडत नाही खड्ड्यात. अप्पा पडतील.’

यावर ग्रुपमध्ये एकोणीस हसरे चेहरे उमटले. कोणीतरी दूरच्या चुलतभावाने वर लिहिलं, ‘ज्याने त्याने आपापलं काम करावं. कवळ्या करणाऱ्याने कवळ्या कराव्यात.’ कवळीकाराचे कान लाल झाले. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “अहो, अप्पांना तेवढा चहा नेऊन देता का? माझे हात साबणात आहेत.”

“आलोच,” तो म्हणाला आणि टाइप करत राहिला. हे ‘आलोच’ त्याने आणखी दोनदा म्हटलं. शेवटी चहा बायकोनेच नेला. अप्पा म्हणजे कवळीकाराचे वडील, निवृत्त, मागच्या खोलीत राहणारे. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. खोलीला एकच खिडकी, आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

एकोणीस हसऱ्या चेहऱ्यांनी कवळीकाराला दोन दिवस जेवण गोड लागू दिलं नाही. आपल्या बाजूने बोलणारा कोणीतरी वजनदार माणूस हवा होता. तसा कोणी ग्रुपमध्ये नव्हता, म्हणून त्याने तो बनवायचं ठरवलं. नाही तरी धंदा तोच. ज्याला दात नाहीत त्याला दात करून द्यायचे, तसा ज्या म्हणण्याला आधार नाही त्याला एक महात्मा करून द्यायचा. नाव ठेवलं ‘एकांतवासी’. कुठे राहतात, कोणाचे शिष्य, वय काय, काही नाही. एकांतात राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारणंच असभ्य. फोटो मात्र लागणार होता.

इथे एक गुपित सांगायला हवं. कवळीकाराला स्वतःला वरचा एकही दात नव्हता. हिरड्यांच्या दुखण्यात चाळिशीतच सगळे गेले होते आणि वरची कवळी त्याने आपल्या हाताने करून बसवली होती. हे फक्त बायकोला माहीत. त्याच्या कामाच्या खोलीत फळ्यांवर शे-दीडशे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, आणि त्या ओळीच्या टोकाला एका डबीत एक तयार कवळी पडून होती, कोणी न्यायला न आलेली. ती एका म्हाताऱ्या चित्रकलेच्या मास्तरांची. “पुढच्या दोन दातांत फट ठेवा हं,” असं त्यांनी बजावून सांगितलं होतं, “नाही तर घरचे ओळखायचे नाहीत.” फट ठेवली, कवळी झाली, आणि ती न्यायच्या आधी मास्तरच गेले.

कवळीकाराने आपली कवळी काढली, मास्तरांची कवळी मेण लावून टाळूला चिकटवली, हनुवटीवर कापूस लावला, अप्पांचा जुना चष्मा चढवला आणि हसून पाहिलं. आरशात जो हसला तो कवळीकार नव्हता. दातांनी माणूस किती बदलतो हे वीस वर्षं बघूनही तो आरशापासून जरा मागेच सरकला. घाईघाईने फोटो काढून त्याने कवळी डबीत टाकली आणि तीनदा चूळ भरली.

आता खातं उघडायला वेगळा फोन नंबर हवा होता. त्याने अप्पांच्या उशाशी असलेला फोन पाच मिनिटं मागून आणला, त्यावर खातं उघडलं, मग ते आपल्याही फोनवर चालू करून घेतलं आणि अप्पांचा फोन परत नेऊन ठेवला.

“काय केलंस रे?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही. जरा नीट करून दिला,” तो म्हणाला आणि निघाला. बसायला वेळ कुणाला होता? ग्रुपमध्ये महापुरुषाचं आगमन व्हायचं होतं.

आगमन थाटात झालं. ‘वत्सांनो, शरीर हे वस्त्र आहे,’ असं एकांतवासींनी लिहिताच बेचाळीस जणांनी हात जोडले. ‘आत्मा अमर आहे हे सांगणाऱ्या त्या कवळीकाराला हसू नका. त्याला खूप कळतं,’ असंही त्यांनी लिहिलं. मेव्हण्याने लगेच विचारलं, ‘हे कोण? यांना आत कोणी घेतलं?’

‘थोर अधिकारी पुरुष आहेत,’ कवळीकाराने आपल्या नावाने लिहिलं. ‘मी त्यांना जवळून पाहिलंय.’ हे खोटंही नव्हतं. त्याहून जवळून कोण बघणार?

आठ दिवस कवळीकार हवेत होता. मग बायकोच्या थोरल्या मावशीने फोटोखाली लिहिलं, ‘हे हसू मी ओळखते. हे आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. पण ते तर गेले ना?’

कवळीकाराने आयुष्यात कधी नव्हे इतक्या चपळाईने लिहिलं, ‘मावशी, जगात सात माणसं सारखी असतात.’ मावशीने उत्तर दिलं, ‘सातांची फटही सारखी?’ यावर त्याने फुलांचं चित्र पाठवून दिलं.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. गंमत म्हणजे आपल्याला. त्याला नाही. एके दिवशी भर दुपारी तो यंत्रावर कवळी घासत बसला होता. दोन्ही हात पांढऱ्या लगद्याने भरलेले. मेव्हण्याचा मेसेज आला, ‘एकांतवासी, आत्मा मेल्यावर जातो कुठे? पत्ता द्या.’ कवळीकार मनात म्हणाला, थांब, हात धुतो आणि तुला पत्ता देतो. तो मोरीकडे वळला तोच फोन पुन्हा थरथरला. लगदा लागलेल्या बोटानेच त्याने बघितलं.

एकांतवासींनी उत्तर दिलं होतं. ‘चौकशी केली आहे. कळवतो.’

त्याने आपले हात बघितले, मग फोन बघितला. हे त्याने लिहिलं नव्हतं. त्याच्या मागे फिरणारं यंत्र अजून घूं घूं करत होतं आणि फळ्यांवरचे जबडे ओळीने आ वासून बसले होते. ते रोजच तसे बसत, पण आज ते आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. तो टोकाच्या डबीपाशी गेला. डबीवर झाकण नव्हतं. आत मास्तरांची कवळी ओली होती.

मंडळी, हा माणूस तीन महिने रोज सकाळी न चुकता लिहीत होता की आत्मा अमर आहे. त्याने पुरावे दिले होते, दाखले दिले होते, न मानणाऱ्यांना धर्मातून काढून टाकलं होतं. आणि आता आत्मा खरंच अमर असावा अशी नुसती शंका आली, तर त्याची बोबडी वळली. तो धावत स्वयंपाकघरात गेला.

“ए, अगं, ती... ती कवळी ओली आहे!”

“मग काय कोरडी धुऊ?” बायको म्हणाली. “धूळ बसली होती. झाकण वाळत घातलंय. चेहरा का असा पांढरा पडलाय?”

“प्लास्टर उडालं,” तो म्हणाला.

कवळीचा उलगडा झाला, पण उत्तराचा झाला नाही. आणि उत्तरं थांबेनात. लोक एकांतवासींना दिवसभर काही ना काही विचारत, आणि कवळीकार हात पुसेपर्यंत उत्तर गेलेलं असे. कोणी लिहिलं, ‘महाराज, आयुष्यात पुढचा मार्ग दिसत नाही.’ उत्तर, ‘सरळ जा. पुढे विचारा.’ कोणी लिहिलं, ‘माझं नशीब कधी उघडणार?’ उत्तर, ‘उशीर आहे. रद्द नाही.’ एका पुतण्याने विचारलं, ‘मोक्ष मिळेल का?’ उत्तर, ‘बसायला मिळणार नाही. उभ्याने जावं लागेल.’ लोक वेडे झाले. इतक्या थोडक्यात इतकं खोल कोणी बोललंच नव्हतं. ही वाक्यं लोकांनी सूर्योदयाच्या चित्रांवर छापून पाठवायला सुरुवात केली.

एका म्हाताऱ्या काकांनी लिहिलं, ‘महाराज, आमची ही गेली. पुन्हा भेट होईल का?’ या वेळी उत्तराला बराच वेळ लागला. मग आलं, ‘मीही वाट बघतोय.’

कवळीकाराने ते दोनदा वाचलं. मास्तर बायकोची वाट बघत होते तर! कुठे बघत होते ते विचारायची त्याला हिंमत होईना. त्याने एकांतवासींच्या खात्यावरून स्वतः लिहून टाकलं, ‘सावधान. ही उत्तरं देणारा मी नव्हे.’ अर्ध्या मिनिटात त्याच खात्यावरून दुसरा मेसेज आला, ‘मीच आहे.’ कवळीकाराने लिहिलं, ‘नव्हे!’ पुन्हा आलं, ‘आहे. विचारा.’ ग्रुपमधल्या एका मामांना भरून आलं. ‘द्वैत आणि अद्वैत एकाच खात्यावर! धन्य झालो,’ असं त्यांनी लिहिलं आणि त्रेपन्न जणांनी हात जोडले.

आता खातं बंद करणं एवढाच उपाय होता. त्याने ‘खातं बंद करा’ दाबलं. फोन म्हणाला, नोंदवलेल्या नंबरवर आकडा पाठवला आहे, तो टाका. नंबर अप्पांचा. म्हणजे उठून मागच्या खोलीत जाणं आलं, फोन मागणं आलं, अप्पांनी कशाला विचारलं तर सांगणं आलं. तो खुर्चीतून उठतोय न उठतोय तोच एकांतवासींचा मेसेज ग्रुपवर उमटला. ‘कृपा करून बंद करू नका. रांग मोठी आहे.’

कवळीकार मटकन खाली बसला. खातं बंद करायचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि रांग? कसली रांग? त्याला डोळ्यांपुढे पांढरी शुभ्र रांग दिसली, तोंडं उघडी असलेल्या माणसांची, जिला शेवट नव्हता. त्या दिवशी त्याने एका डॉक्टरांच्या पेशंटला वरच्या जागी खालचे दात लावून पाठवले.

शेवटी त्याने धीर करून आपल्या स्वतःच्या नावाने एकांतवासींना खासगीत लिहिलं.

‘तुम्ही कोण?’

‘विचारा,’ उत्तर आलं.

‘माझ्या घरात कधी शिरलात?’

‘मी आधीपासून इथेच आहे.’

‘कधीपासून?’

‘घर बांधलं तेव्हापासून.’

खोलीत लख्ख ऊन होतं, रस्त्यावर दुचाक्या जात होत्या, शेजारी कोणीतरी सतरंजी झटकत होतं, आणि हा इकडे घामाने थबथबलेला. त्याने लिहिलं, ‘तुम्हाला हवंय तरी काय?’

मग आलं, ‘संध्याकाळी एक खुर्ची. चहा. आणि अर्धा तास कोणी समोर बसलं तर बरं.’

त्यात मेव्हण्याने शेवटचा खिळा ठोकला. त्याने भर ग्रुपमध्ये लिहिलं, ‘बस झालं. येत्या रविवारी चार वाजता मी थोरल्या मावशीला घेऊन भावोजींच्या घरी येतो. एकांतवासी खरे असतील तर समोर बसवा, मी पाया पडेन. नसतील तर भावोजींनी इथे लिहायचं, मी खोटा महात्मा उभा करून सगळ्या नातेवाइकांना फसवलं.’

कवळीकार सबब शोधत होता. गावाला जायचंय लिहावं की ताप आलाय लिहावं, या विचारात असतानाच एकांतवासींनी परस्पर लिहून टाकलं, ‘चार वाजता हजर आहे.’

चौऱ्याऐंशी जणांनी ते वाचलं. आता बघा माणसाची अवस्था. रविवारी कोणी आलं नाही, तर अब्रू जाणार. मेव्हणा जन्मभर शिक्का मारत बसणार, बायको माहेरी तोंड दाखवणार नाही. आणि कोणी आलंच, तर? तर जीव जाणार. नास्तिक असता तर निदान एकाच बाजूने घाबरला असता.

“अहो, रविवारी माझा भाऊ नि मावशी कशाला येतायत?” बायकोने विचारलं. ती ग्रुप बघत नसे. तिला घरात काम होतं.

“एकांतवासींना भेटायला.”

“ते कोण? आणि ते आपल्या घरी कशाला येतील?”

“तेच मलाही कळत नाहीये,” कवळीकार म्हणाला, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच तो इतकं खरं बोलला.

रविवारी त्याने कामाची खोली झाडून काढली, मास्तरांची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि मधोमध एक खुर्ची मांडली. समोर तीन खुर्च्या, जरा लांब. पावणेचारला मेव्हणा आणि मावशी आले. मावशीने केस रंगवले होते.

“मास्तर मला चित्रकलेत नेहमी पहिला नंबर द्यायचे,” ती बसता बसता म्हणाली. “गेल्यावर माणूस भेटतो म्हणजे काय! मी तर सकाळपासून काही खाल्लंही नाही.”

“मावशी, कोणी येणार नाहीये,” मेव्हणा म्हणाला. पण त्याने खुर्ची थोडी दाराजवळ सरकवून घेतली. “भावोजी, अजून वेळ आहे. खरं सांगून टाका. मी ग्रुपवर जरा सांभाळून लिहीन.”

“चहा कोणासाठी हा पाचवा?” बायकोने विचारलं. तिने ट्रे रिकाम्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला.

चार वाजायला एक मिनिट कमी असताना घराच्या मागच्या अंगाने पावलं वाजू लागली. सावकाश, मोजून टाकलेली. एक, मग थांबणं, मग दुसरं. मावशीने मेव्हण्याचा हात धरला. आत्म्याचं वजन विचारणाऱ्या मेव्हण्याने तो सोडवून घेतला नाही. मधला पडदा आधी हलला, मग थांबला, मग एका हाताने बाजूला झाला. कवळीकाराने डोळे गच्च मिटून घेतले.

खुर्ची करकरली. कोणीतरी बसलं होतं.

डोळे उघडले तर खुर्चीत अप्पा. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केस पाणी लावून विंचरलेले.

“अप्पा! तिथे नका बसू!” कवळीकार किंचाळलाच.

“का? चार वाजले की.”

“ती खुर्ची दुसऱ्या कोणासाठी आहे. उठा, उठा आधी!”

“माझ्यासाठीच ना?” अप्पा म्हणाले. “मी लिहिलं होतं तुला. खुर्ची, चहा. तू मांडलीस, बरं वाटलं.” त्यांनी खिशातून आपला फोन काढून मांडीवर ठेवला. फोनवर एकांतवासी हसत होते, फट दाखवत. “आज रांग जरा कमी आहे. रविवार ना.”

मावशीचं तोंड उघडं होतं. मेव्हण्याने फोनकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, भावोजींकडे बघितलं, आणि त्याच्या डोक्यात सगळा हिशोब एका क्षणात जुळला.

“म्हणजे मास्तर नाहीच का येणार?” मावशीने विचारलं. “आणि मी केस रंगवले!”

“कोण मास्तर?” अप्पा म्हणाले. “आमच्याकडे फोटो साहेबांचाच लावायचे. खिडकीत कोण बसलंय ते कोण बघतं?”

अप्पांनी चौतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. रोज हजारभर माणसं यायची, घामेजलेली, घाबरलेली, वैतागलेली. प्रत्येकाला चार शब्दांत उत्तर द्यायचं आणि पुढच्याला बोलवायचं. सरळ जा. पुढे विचारा. उशीर आहे, रद्द नाही. बसायला मिळणार नाही. ज्या उत्तरांवर हे घर उभं राहिलं, ज्यांच्यावर आपण शिकलो, ती आपल्याला महिनाभर ओळखता आली नाहीत, हे कवळीकाराच्या ध्यानात आलं आणि त्याला जमिनीकडे बघावंसं वाटलं.

“फोन नीट करून दिलास ना तू,” अप्पा त्याला म्हणाले, “त्याच दिवशी लोक विचारायला लागले. आधी मी घाबरलो. मग म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम. मधेमधे तूही लिहायचास, ते मला वाटलं तुझी दुसरी पाळी. आणि परवा तू मला ‘कोण, कधीपासून’ असं विचारत होतास, ती तपासणी ना? मी नीट उत्तरं दिली.”

“हो,” कवळीकार कसाबसा म्हणाला.

“मध्ये बंद करायचं चाललं होतं काहीतरी. आकडा आला होता. माझ्या छातीत धस्स झालं. मी विनंती टाकली, आणि थांबवलंत तुम्ही. उपकार झाले.” त्यांनी चहाचा कप उचलला, पण प्यायले नाहीत. “तुझी आई गेली तेव्हापासून वाटायचं, आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही. घरात तुम्ही दोघंही कामात. बोलून दाखवलं नाही मी, पण तुझ्या लक्षात आलं. म्हणून लावून दिलंस ना हे काम मला? नावसुद्धा बरोबर घातलंस.”

नाही म्हणावं तर म्हातारा मोडणार. हो म्हणावं, तर समोर बसलेल्या मेव्हण्याने महिनाभर याच खोट्याचा पिच्छा पुरवला होता, आणि आता ते आयतं त्याच्या हातात पडलं होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश. त्याने मेव्हण्याकडे बघितलं. नजरेत विनवणी होती, आणि ती लपवायचंही त्याला सुचलं नाही.

मेव्हण्याने दाराजवळची आपली खुर्ची पुढे ओढली.

“होय अप्पा,” तो म्हणाला. “ह्यांनीच लावून दिलं. मला आधीच बोलले होते, अप्पांना काहीतरी करायला हवं म्हणून. मी म्हटलं, कराच.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने न तोलता शिक्का मारला होता. अप्पांनी मान हलवली आणि चहा पिऊन टाकला. मग मेव्हणा खरोखर उठला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. दारात निघताना त्याने कवळीकाराच्या दंडाला घट्ट धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, “फोटो तेवढा बदला भावोजी. मला झोप लागायची नाही.”

संध्याकाळी ग्रुपवर मेव्हण्याचा मेसेज आला, ‘एकांतवासींना प्रत्यक्ष भेटलो. खरे आहेत. पाया पडून आलो.’ ब्याऐंशी जणांनी हात जोडले. कवळीकार जिंकला होता, आणि तेही सगळ्यांसमोर. त्याने उत्तर लिहायला फोन हातात घेतला, आणि काही न लिहिता टेबलावर पालथा ठेवून दिला. मग चहाचे दोन कप घेऊन तो मागच्या खोलीत गेला.

अप्पा पलंगावर टेकून बसले होते. फोनवर कोणाला तरी ‘सरळ जा’ लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि सवयीने म्हणाले, “बोला.”

कवळीकार पलंगाच्या कडेला बसला. तीन महिने तो ज्याच्याबद्दल लोकांना ठणकावून सांगत होता, ते त्याने पहिल्यांदाच कोणाला तरी विचारलं.

“अप्पा, आई असेल का हो कुठे?”

अप्पांनी चष्मा काढला. या प्रश्नाला चार शब्दांचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

“माहीत नाही रे,” ते म्हणाले. “मी रोज विचारतो तिला. अजून काही आलेलं नाही. पण ती जिवंतपणी तरी कधी लगेच बोलायची? रुसली की चार-चार दिवस जायचे. मी आपला थांबतो.” त्यांनी कप हातात घेतला आणि पलंगावर थोडं सरकून जागा केली. “तुला वेळ असेल तर थांब.”

“आहे,” कवळीकार म्हणाला, आणि पाय वर घेऊन बसला.